कुंडीतली छोटी नारंगी



गेल्या दोन-तीन महिन्यांत आलेल्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या अक्षरांत आला आहे. ‘नर्सरीतून चायना संत्र्याची कुंडी आणली. फळांनी लगडलेली होती. महिनाभर छान दिसली, मग पानं पिवळी पडली, गळाली, आता नुसत्या काड्या उरल्यात. काय चुकलं?’ एका भगिनीनं तर लिहिलंय की ती कुंडी सासूबाईंनी हौसेनं घेतली होती, आणि ती वाळल्यापासून ‘तुझ्या हाताला बरकत नाही’ हे रोज ऐकावं लागतं. बाई, तुझ्या हाताचा यात काहीही दोष नाही. या झाडाचं बरंचसं भवितव्य तुझ्या घरी येण्याआधीच ठरलेलं असतं आणि उरलेलं आपल्याकडचं पाणी ठरवतं. म्हणून हा महिना पूर्ण या एका झाडासाठी. उन्हाळा तोंडावर आहे, त्यामुळे वेळही हीच आहे.

मला या झाडातलं जे काही कळतं ते आमच्या मरहूम खालूंमुळे. अल्लाह त्यांची मगफिरत करो. तेव्हा त्यांच्याबद्दल थोडं सांगावंच लागेल.

खालू मूळचे मोसंबीवाले. बदनापूरच्या बाजूला त्यांची बाग होती. आम्ही देऊळगाव राजाची माणसं जिल्ह्यानं बुलढाण्याची असलो तरी बाजाराला, दवाखान्याला, लग्नाच्या कपड्यांना जालन्यालाच जाणारी. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत खालाकडे गेलं की मोसंबीच्या झाडाखाली खाट टाकलेली असायची. भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची मोसंबी आज सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला ती खालूंची मोसंबी म्हणून माहीत होती. मग २०१२-१३चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना वर्णन नको. जालना जिल्ह्यात कितीतरी जणांनी टँकरनं बागा जगवण्याचा प्रयत्न केला आणि शेवटी कुऱ्हाड लावली. खालूंनी एक उन्हाळा टँकर घातले, कर्ज केलं, आणि मग एके दिवशी सगळी झाडं सरपणाच्या भावानं विकली. त्यानंतर ते खालाला घेऊन इकडे, तिच्या माहेरच्या गावी आले, बसस्थानकाजवळ छोटं दुकान टाकलं आणि पुन्हा कधी झाडाचं नाव काढलं नाही. आमच्या अंगणातल्या कढीपत्त्यालासुद्धा ते हात लावत नसत.

चार वर्षांपूर्वी मी जालन्याच्या एका नर्सरीतून साडेतीनशे रुपयांची कुंडी आणली. पाटीवर लिहिलं होतं ‘इंपोर्टेड कुमक्वाट’. त्यांना भेट म्हणून दिली खरी, पण देताना मला धाकधूक होती. खालूंनी कुंडीकडे पाहिलं, खाली बसले, एक पान तोडून चुरगळलं, वास घेतला. मग फळ तोडून दातानं चावलं आणि तोंड वाकडं करून हसले. म्हणाले, ‘बेटा, हे ते नाही.’

पहिला मुद्दा हाच. कुमक्वाट हे मूळचं दक्षिण चीनचं फळ. नावाचा अर्थ कँटनच्या बोलीत ‘सोनेरी नारंगी’. तिथं नव्या वर्षाला फळांनी भरलेली अशी कुंडी दारात ठेवण्याची रीत आहे. १८४६मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या माणसानं ते युरोपात नेलं. या फळाची गंमत अशी की साल गोड आणि गर आंबट, म्हणून ते सोलायचंच नाही, सालीसकट तोंडात टाकायचं. जास्त पिकवला जाणारा प्रकार लांबट असतो, मोठ्या बोराएवढा, आत चार-पाचच फोडी. पानाची खालची बाजू फिकट दिसते.

आपल्याकडे नर्सऱ्यांत ‘चायना संत्रं’, ‘मिनी संत्रं’, कधी ‘कुमक्वाट’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा कॅलमोंडिन असतं. संत्र्याच्या जातीचं झाड आणि कुमक्वाट यांच्या संकरातून झालेलं. फळ गोल, थोडं चपटं, साल पातळ आणि सहज सुटणारी, फोडी सात-आठ किंवा जास्त, आणि रस असा आंबट की डोळे मिटावेत. फिलिपिन्समध्ये आपल्या कागदी लिंबासारखा त्याचा रोजचा वापर होतो. म्हणजे फसवणूक झाली तरी नुकसान झालं असं मी म्हणणार नाही. उलट आपल्या स्वयंपाकघराला कॅलमोंडिन जास्त उपयोगी. हिरवं असताना वरणावर, सालनावर पिळायला, नारंगी झाल्यावर इफ्तारच्या शरबताला, आणि साल पातळ म्हणून मिठातल्या लोणच्यालाही. पण पाटीवर कुमक्वाट लिहून दुप्पट पैसे घेणं बरोबर नाही. दुकानदारासमोर एक फळ तोडून, पुसून, साल चावून बघायची. साल गोड लागली तर कुमक्वाट. कडवट-आंबट लागली तर कॅलमोंडिन, आणि मग भाव त्याप्रमाणे करायचा. फक्त चावलेलं थुंकून टाका. नर्सरीत शोभेच्या झाडांवर कोणती औषधं फवारलेली असतात ते आपल्याला कुणी सांगत नाही. आणलेल्या कुंडीवरची पहिली फळं खाऊ नका, मुलांना तर नकोच.

नावावरून आठवलं. आपली ‘नारंगी’ संस्कृतातल्या नारंगापासून फारसीत ‘नारंग’ झाली, अरबीत ‘नारंज’, आणि अरबांबरोबर स्पेनला पोचून ‘नारांखा’. बाबर बादशहानं आपल्या आठवणींत हिंदुस्तानातल्या फळांची नोंद करताना नारंगी, लिंबू, तुरुंज, संगतरा, जंबिरी असे एकेक प्रकार चाखून लिहून ठेवलेत. जंबिरी हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

तर खालूंनी ती कुंडी ठेवून घेतली. चार-सहा दिवसांनी गेले तर ती गच्चीवर होती आणि शेजारी माती चाळलेली. खाला मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘आठ वर्षांनी हातात खुरपं घेतलंय त्यांनी. काही बोलू नकोस.’

ते झाड मेलं. आणि मारलं ते खालूंनीच.

मोसंबीच्या बागेत आंबिया बहार धरायचा तर झाडाला ताण देतात, म्हणजे डिसेंबरच्या सुमाराला पाणी तोडतात. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने. झाड पानं मलूल करतं, थोडी गाळतं, आणि मग पाणी दिलं की जानेवारी-फेब्रुवारीत फुलांनी भरून जातं. खालूंनी आयुष्यभर हे केलेलं. त्यांनी कुंडीलाही तसाच ताण दिला, चाळीस दिवसांचा. पण बागेतल्या झाडाची मुळं खोल गेलेली असतात, वरचं पाणी तोडलं तरी खालची ओल त्यांना पोसते. कुंडीत बारा इंचांखाली फरशी आहे. पंधराव्या दिवशी पानं गळाली, चाळिसाव्या दिवशी फांदी मोडली तर कट्‌कन आवाज आला. खालू दोन दिवस दुकानात गेले नाहीत. मला वाटलं आता संपलं. पण तिसऱ्या दिवशी स्वतः फोन केला, ‘दुसरं आण. आणि या वेळी खुंट बघून आण.’

खुंट म्हणजे ज्या झाडावर डोळा भरून कलम केलं जातं ते खालचं झाड. मोसंबीवाल्याला हे सांगावं लागत नाही, पण आपण कुंडी घेताना कुणीच विचारत नाही. लिंबूवर्गातली जवळजवळ सगळी चांगली झाडं कलमाची असतात. आपल्याकडे खुंट दोन वापरतात : जंबेरी, म्हणजे बाबराची तीच जंबिरी, आणि रंगपूर लिंबू. थंड देशांत कुमक्वाट तीन पानांच्या संत्र्यावर बांधतात, त्यामुळे झाड बुटकं राहतं. पण तो खुंट चुनखडीच्या जमिनीत रुसतो. आपल्या भागात रंगपूर बरा, चुनखडी आणि पाण्याची ओढ तो जास्त सोसतो. नर्सरीवाल्याला विचारा, त्याला माहीत नसेल तर निदान कलमाचा जोड कुठे आहे ते शोधा. बुंध्यावर मातीपासून चार-सहा बोटं वर गाठ दिसते. ती मातीत पुरलेली असेल तर कुंडी घेऊ नका. आणि घरी आणल्यावर त्या गाठीच्या खालून जे जे फुटेल ते लगेच नखानं काढून टाकायचं. तिथून येणारी फांदी जोमदार, काटेरी, सरळसोट असते. बायका खूश होतात की झाड काय वाढतंय! दोन वर्षांत वरचं नारंगीचं झाड मरतं आणि कुंडीत नुसती जंबेरी उरते. ‘आमच्या झाडाला काटे आले आणि फळंच येत नाहीत’ असं लिहिणाऱ्या तिघी भगिनींना हेच उत्तर आहे.

बी लावून होईल का, असं खूप जणी विचारतात. होईल. पण फळ यायला बरीच वर्षं लागतील. मुलांना गंमत म्हणून लावू द्या, भरवसा कलमावर ठेवा.

दुसरं झाड खालूंनी स्वतः निवडलं. बसनं माझ्याबरोबर जालन्याला आले. नर्सरीतलं सर्वांत फळं लगडलेलं झाड बाजूला सारून, एकही फळ नसलेलं, पण खाली चांगली गाठ आणि चार दिशांना चार फांद्या असलेलं रोप उचललं. दुकानदाराला आश्चर्य वाटलं. खालू म्हणाले, ‘फळं त्यानं विकायला लावलीत. झाड मला लागतंय.’ लगडलेली कुंडी म्हणजे दमलेली कुंडी. छोट्याशा मुळांवर चाळीस फळं पोसणारं झाड आपल्या गच्चीवरच्या पहिल्याच उन्हात बसतं. तशी कुंडी आणलीच असेल तर निम्म्याहून जास्त फळं पहिल्या आठवड्यात काढून टाका. जीवावर येतं, पण झाड वाचतं.

आता मातीबद्दल. आपल्या शेताची काळी माती कुंडीत भरू नका. शेतात ती सोन्यासारखी, कुंडीत मात्र भिजली की चिखल आणि वाळली की भेगा. मुळांना हवा मिळत नाही. खालूंचं मिश्रण असं होतं : एक घमेलं पोयटा किंवा तांबडी माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक घमेलं जाड वाळू व विटांचे बारीक तुकडे मिळून. मूठभर निंबोळी पेंड. कुंडीच्या भोकांवर खापराचा तुकडा. सुरुवातीला बारा इंची कुंडी पुरते, दोन वर्षांनी सोळा इंची. एकदम मोठ्या कुंडीत लहान रोप लावलं तर न वापरलेली माती ओली राहून आंबते.

माती घेण्याआधी एक परीक्षा घ्या. चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसून फेस आला तर तिच्यात चुनखडी आहे, ती या झाडाला नको. वाळूचीही अशीच परीक्षा घ्या. आमच्या गच्चीवर मुरूम टाकून केलेल्या कुंडीत मी असंच एक लिंबू घालवलंय.

चुनखडीवर मी एवढं का बोलतेय? कारण पिवळ्या पानांच्या दहा पत्रांपैकी सात-आठ पत्रांत वर्णन एकच आहे : नवी, शेंड्याकडची पानं पिवळी, पण शिरा हिरव्या. याचा अर्थ झाडाला लोह मिळत नाही. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना उचलता येत नाही. आणि चुना फक्त मातीतून येत नाही. आपल्या बोअरच्या पाण्याची किटली महिन्याभरात आतून पांढरी होते ना, तोच थर रोज थोडा थोडा कुंडीतही बसतो. बागेत पावसानं तो धुऊन जातो, कुंडीत साचतो. कुंडीच्या बाहेरच्या बाजूला पांढरी पावडर दिसते ती हीच.

यावर उपाय महागडे नाहीत. पावसाळ्यात गच्चीच्या नळीखाली टाकी किंवा पिंप ठेवून जमेल तेवढं पाणी साठवा आणि ते फक्त या कुंडीसाठी राखा, झाकण लावून, डास होऊ नयेत म्हणून. बोअरचंच पाणी असेल तर दहा लिटरच्या बादलीत पाव चमचा लिंबूफूल, किराणा दुकानात मिळतं ते, विरघळवून आठवड्यातून एकदा द्या. पानं फारच पिवळी असतील तर कृषी केंद्रात चिलेटेड लोह मिळतं, ते पुडीवर लिहिलेल्या मापानं. नुसती हिराकस टाकून चुनखडीच्या मातीत फारसा फरक पडत नाही, पैसे जातात. आणि कृपा करून अंड्याची टरफलं आणि चुलीची राख या कुंडीत टाकू नका. टोमॅटोला, वांग्याला ती चालेल. इथे तुम्ही आधीच जास्त असलेला चुना आणखी वाढवता.

खालूंची ती कुंडी तीन वर्षं छान वाढली. ताणाबद्दल त्यांनी स्वतःच नवा नियम केला होता. डिसेंबरमध्ये खत बंद, पाणी कमी, आणि सकाळी पान किंचित गुंडाळलेलं दिसलं की त्याच दिवशी पाणी. ‘बागेला महिना, कुंडीला एक सकाळ,’ असं म्हणायचे. उन्हाळ्यात कुंडी विटांवर, कारण गच्चीची फरशी दुपारी हात ठेवू देत नाही. कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलेलं. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत आतली माती एवढी तापते की कडेची मुळं शिजतात, म्हणून मातीची कुंडी. आणि तीही जमत नसेल तर लहान कुंडी मोठ्या रिकाम्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत पालापाचोळा. एप्रिलच्या मध्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत हिरवी जाळी, निम्मं ऊन अडवणारी. सकाळचं ऊन मिळू द्यायचं, दुपारी दोनचं नाही. पाणी सकाळी फजरनंतर, दुपारी कधीच नाही. मे महिन्यात खत नाही, छाटणी नाही.

किडींचं थोडक्यात. कुमक्वाट आणि कॅलमोंडिन यांना खैऱ्या रोग कागदी लिंबापेक्षा फारच कमी होतो, ही मोठी सोय. पावसाळ्यात कोवळ्या पानांवर वेड्यावाकड्या चंदेरी रेघा दिसल्या तर ती नागअळी. पानं खुडून टाका, पाच मिलि निंबोळी तेल लिटरभर पाण्यात थोड्या साबणासह कालवून संध्याकाळी फवारा. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं आणि ते हललं तर ती लिंबाच्या फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवी होते, डिवचलं तर डोक्यातून नारंगी शिंगं काढते आणि घाण वास सोडते. लहान झाडाला दोन अळ्या एका रात्रीत उघडं करतात. हातानं वेचा. माझा धाकटा त्या डब्यात पाळून फुलपाखरू होईपर्यंत कढीपत्ता खाऊ घालतो, तेही चालतं.

गेल्या सप्टेंबरमध्ये खालूंचा इंतकाल झाला.

खाला इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस. सुना कामावर, नातवंडं शाळेत, दुपारभर घर रिकामं. गच्चीचा जिना तिच्या खोलीलगतच, त्यामुळे ती वर जाऊन बसायची. त्यांची कुंडी हेच तिचं काम झालं. आमच्याकडे नळ रोज येत नाही, हे सांगायला नको. खाला आधीपासूनच वजू नळाखाली न करता लोट्यानं, खाली घमेलं ठेवून करते. हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम एका मुद्द पाण्यात, म्हणजे साधारण पाऊण लिटरमध्ये वजू करत, हे तिच्या वडिलांनी तिला लहानपणी मापून दाखवलेलं. तिला दीड लिटर लागतं. साबण नाही, तेल नाही, स्वच्छ पाणी. ते घमेलं ती वर नेऊन कुंडीत ओतायची. पाच वेळा.

नोव्हेंबरमध्ये मी भेटायला गेले तर पानं पिवळी. या वेळी शिरासकट, जुनी पानं आधी. बुंध्यावर गाठीजवळ मधासारखा डिंक. माती बोटानं दाबली तर पाणी वर आलं आणि कुबट वास. खाला म्हणाली, ‘पाणी तर मी एक दिवस चुकवलं नाही.’ मला काही बोलता येईना. दिवसाला सात लिटर पाणी, थंडीच्या तोंडावर, बारा इंची कुंडीला. याला डिंक्या म्हणतात. ओल्या मातीतली बुरशी मुळं आणि साल कुजवते. मोसंबीच्या बागांतही पावसाळ्यात पाणी तुंबलं की हेच होतं.

त्या दुपारी आम्ही दोघींनी कुंडी आडवी करून झाड बाहेर काढलं. तळाच्या भोकांत मुळांचा गोळा अडकून ती बंद झालेली होती. हे दर वर्षी पाहायला हवं. काळी, मऊ, वास येणारी मुळं कात्रीनं कापली, पांढरी-पिवळसर ठेवली. मुळं गेली तेवढं वरचंही ओझं कमी करायला हवं, म्हणून फांद्या तिसऱ्या हिश्श्यानं छाटल्या. बुंध्यावरचा डिंक बोथट सुरीनं खरवडून बोर्डो मलम लावलं. त्याचं घरगुती माप : दहा ग्रॅम मोरचूद, दहा ग्रॅम कळीचा चुना, शंभर मिलि पाणी, दोन्ही वेगवेगळे प्लॅस्टिकच्या भांड्यात भिजवून मग एकत्र करायचं, आणि ते भांडं परत स्वयंपाकघरात आणायचं नाही, मोरचूद विषारी आहे. नव्या मिश्रणात झाड लावलं, जोड मातीच्या वर चांगला ठेवला, सावलीत नेलं आणि एकदाच पाणी दिलं. खाला सगळं मुकाट्यानं करत होती. शेवटी एवढंच विचारलं, ‘मग वजूचं पाणी ओतू नको का?’

ओत, म्हटलं. पण सगळं याला नको. आता ती गच्चीवरच्या कढीपत्त्याला, मोगऱ्याला, पुदिन्याच्या दोन डब्यांना पाळीनं देते. नारंगीची पाळी आली की आधी बोट मातीत दोन पेरं घालते. बोटाला ओल लागली तर घमेलं पुढच्या कुंडीकडे. हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा पुरलं. आता एप्रिलमध्ये रोज सकाळी एकदा, खालच्या भोकातून पाणी ठिबकेपर्यंत, आणि तो ठिबका बशीत साचू द्यायचा नाही.

महिनाभर झाडावर काहीच घडलं नाही. उरलेली पानंही बरीच गळाली. मला आत वाटत होतं की हे जाणार, आणि खालाला ते कसं सांगायचं याचीच चिंता होती. मग जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नातवानं फोनवर फोटो पाठवला : काडीवर हिरवा ठिपका. इद्दत संपली त्या दिवशी आम्ही सगळ्या जमलो होतो तेव्हा शेंड्यांवर नवी पालवी होती, आणि तिच्या बेचक्यांत टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या कळ्या. ताण कुणी मुद्दाम दिला नव्हता. झाडानं आजारपणातच तो घेतला असावा. फेब्रुवारीत फुलं उमलली तेव्हा मगरिबच्या वेळी जिन्यापर्यंत वास येत होता.

गेल्या आठवड्यात मी मोजली. सतरा फळं धरली आहेत, वाटाण्यापेक्षा थोडी मोठी. मुळं अजून पुरती भरलेली नाहीत, अशा झाडानं या उन्हाळ्यात सतरा फळं पोसू नयेत. मी म्हटलं, ‘खाला, दहा काढून टाका. खालू असते तर सगळीच काढली असती.’

‘माहीत आहे,’ ती म्हणाली. कात्री घेऊन बराच वेळ कुंडीभोवती फिरली, आणि दोन काढली.